नितळ पाणी, शुद्ध पाणी आणि प्राथमिक शाळेतील एक पाठ

बालाघाटच्या डोंगररांगांनी बीड जिल्ह्याचे स्थूलमानाने दोन भाग केले आहेत. उत्तरेस गेवराई-माजलगावकडील गोदाकाठची सखल, काळी जमीन. दक्षिणेस आष्टी-पाटोद्यापासून अंबाजोगाईपर्यंत पसरलेले उंच, खडकाळ पठार. पावसाची शाश्वती मात्र दोहोंकडे सारखीच कमी. २०१५ च्या जुलैत पाण्याअभावी परळीचे औष्णिक विद्युत केंद्र बंद ठेवावे लागले. त्यापुढच्या उन्हाळ्यात केज तालुक्यातील धनेगावच्या मांजरा धरणात उपयोगी पाणी उरले नाही आणि शेजारच्या लातूर शहरासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे वाचकांच्या स्मरणात असेलच.

अशा मुलखातील मूल शाळेची पायरी चढण्यापूर्वीच पाण्याचे पारखी झालेले असते. आडाचे पाणी, विंधन विहिरीचे पाणी, तलावाचे पाणी आणि टँकरचे पाणी यांतील फरक ते चवीवरून सांगते. कोणत्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि कोणत्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, हे त्याने आईच्या तोंडून ऐकलेले असते. तेव्हा द्रव्य, द्रव्याच्या अवस्था आणि मिश्रणे हा विज्ञानाचा पाठ या मुलाला परका वाटावा, असे वस्तुतः काही कारण नाही. तरीही तो परका वाटतो. स्थायू, द्रव आणि वायू यांच्या व्याख्या तोंडपाठ होतात, उत्तरपत्रिकेत उतरतात आणि तेथेच राहतात. घरी मात्र टँकरचे गढूळ पाणी तुरटी फिरवून निवळले की ते 'शुद्ध' झाले, असे समजून सर्वजण निःशंकपणे पितात.

प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर आहे. विज्ञानाचा अधिकार त्याला नाही. परंतु माहिती खात्याच्या कामानिमित्त शाळा आणि ग्रामपंचायती यांच्याकडे वारंवार जाणे होते. त्या भेटींत जे पाहावयास मिळाले आणि जाणकारांकडून पडताळून घेता आले, ते शिक्षक व पंचायत सदस्य या दोघांच्याही उपयोगी पडेल असे वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

शब्दांचा अडसर

केज तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेत गतवर्षी सहावीच्या वर्गात बसण्याचा योग आला. बाईंनी फळ्यावर 'पदार्थ' हा शब्द लिहिला आणि उदाहरणे विचारली. पहिले उत्तर आले, "भजी." दुसरे आले, "शिरा." वर्ग हसला, पण उत्तर देणारी मुले हसली नाहीत, कारण त्यांच्या घरी पदार्थ म्हणजे खाण्याचा जिन्नसच. बाई अनुभवी होत्या. त्यांनी उत्तर चूक ठरविले नाही. "भजी कशाची? बेसन कशाचं? तेल कशाचं?" असे विचारीत त्या मुलांना हरभऱ्यापर्यंत आणि करडईपर्यंत घेऊन गेल्या. अखेरीस दगड, पाणी आणि हवा हीसुद्धा पदार्थांच्या यादीत कशी बसतात, ते त्यांनी मुलांकडूनच वदवून घेतले.

हा अडसर केवळ एका शब्दापुरता नाही. 'द्रव्य' म्हणजे जुन्या मराठीत पैसा. 'शुद्ध' हे विशेषण तुपाला, आचरणाला आणि पाण्याला सारखेच लागते. परंतु विज्ञानातील शुद्ध पदार्थ म्हणजे ज्यात दुसरा कोणताही पदार्थ मिसळलेला नाही असा. त्या अर्थाने पाहिले तर उत्तम पिण्याचे पाणीही शुद्ध नव्हे, कारण त्यात क्षार आणि हवा विरघळलेली असतात. मुलांना 'शुद्ध' आणि 'पिण्यास सुरक्षित' हे दोन शब्द वेगळे करून दिले, तर पुढचा निम्मा गोंधळ टळतो.

सर्वांत फसवी जोडी आहे ती 'विरघळणे' आणि 'वितळणे' यांची. आपण सहज म्हणतो, "बर्फ विरघळला." वास्तविक बर्फ वितळतो, साखर विरघळते. वितळण्यासाठी एकच पदार्थ आणि उष्णता पुरते. विरघळण्यासाठी दोन पदार्थ लागतात, एक विरघळणारा आणि दुसरा विरघळवून घेणारा. शास्त्रीय भाषेत द्राव्य आणि द्रावक. आइसकांडी हातात वितळते, तर लिमलेटची गोळी तोंडात विरघळते. एवढा फरक चौथीतील मुलाच्याही ध्यानात येतो. मात्र शिक्षकाने स्वतःच्या बोलण्यात तो कटाक्षाने पाळावयास हवा.

भाषेच्या या अडचणीचा विचार आपल्या राज्यात पूर्वीच झाला आहे. मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ मध्ये स्थापन झाले. प्रा. वि. गो. कुलकर्णी यांच्या मार्गदर्शनाखाली या केंद्राने त्याच दशकात जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसराच्या ग्रामीण शाळांतून काम केले. मुले विज्ञानात मागे पडतात ती अनेकदा विज्ञानामुळे नव्हे, तर पुस्तकाच्या भाषेमुळे, हा त्या कामातून पुढे आलेला महत्त्वाचा मुद्दा. अर्धशतक उलटले तरी तो जुना झालेला नाही.

मराठीने जेथे अडविले आहे तेथे तिने हातही दिला आहे, हे सांगावयास हवे. मिश्रणातील घटक वेगळे करण्याच्या रीतींना पुस्तकात लांबलचक नावे असतात. घराघरांत त्यांना नेमकी क्रियापदे आहेत. गहू निवडणे, तांदूळ पाखडणे, पीठ चाळणे, चहा गाळणे, पाणी निवळणे, खळ्यावर धान्य उपणणे, ताक घुसळून लोणी काढणे. यांतील प्रत्येक क्रियापदामागे पदार्थाचा एकेक गुणधर्म उभा आहे. चाळणीत आकाराचा फरक उपयोगी पडतो, सुपात आणि उपणणीत वजनाचा, निवळण्यात जडपणाचा. मुलींना ही क्रियापदे मुलांपेक्षा अधिक चांगली येतात. ती मुलांनाही यावीत, अशी सूचना त्या वर्गात एका मुलीनेच केली.

ज्वारीची रास, किटलीची वाफ

अवस्थांचा भाग त्यामानाने सोपा. तथापि त्यातही दोन-तीन ठिकाणी थांबणे आवश्यक आहे. द्रव पदार्थ भांड्याचा आकार घेतो, असे पुस्तक सांगते. मग पायलीत ओतलेली ज्वारी पायलीचा आकार घेते, तीही द्रव समजावी काय? हा प्रश्न कोणीतरी मूल विचारतेच आणि न विचारल्यास शिक्षकाने तो स्वतः उपस्थित करावा. उत्तर खळ्यावर आहे. ज्वारी ओतली की तिची रास होते, वर शेंडा राहतो. पाण्याची रास होत नाही, त्याची पातळी सपाट होते. ज्वारीचा एकेक दाणा आपला आकार सोडीत नाही, म्हणून ती स्थायूच. वाळू, पीठ आणि मीठ यांचेही तसेच.

वायूच्या बाबतीत डोळ्यांना काही दिसत नसल्याने मुलांचा विश्वास बसणे कठीण जाते. पेल्याच्या तळाशी कागदाचा बोळा घट्ट बसवून पेला बादलीत सरळ उपडा दाबावा आणि सरळच वर काढावा. कागद कोरडा राहतो, कारण पेल्यातील हवेने जागा अडविलेली असते. हा प्रयोग जुना आहे, बिनखर्चाचा आहे आणि सहसा फसत नाही.

वाफेविषयीचा गैरसमज मात्र मोठ्यांतही आढळतो. चहाच्या किटलीच्या तोटीतून जे पांढरे लोट दिसतात त्यांना आपण वाफ म्हणतो. खरी वाफ दिसतच नाही. तोटीच्या अगदी तोंडाशी लक्षपूर्वक पाहिल्यास एक मोकळी जागा आढळते; वाफ असते ती तेथे. त्यापुढचा पांढरा लोट म्हणजे वाफ थंड होऊन झालेले पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब. परळीच्या मुलांना हेच दृश्य फार मोठ्या प्रमाणावर पाहावयास मिळते. वीज केंद्राच्या शीतकरण मनोऱ्यांवर तरंगणारे पांढरे ढग हा धूर नव्हे, ते पाण्याचे थेंब आहेत. धूर जातो तो उंच धुरांड्यातून. तेथील मुलांना ही गोष्ट सांगितली असता त्यांनी ती घरी जाऊन वडिलांना ऐकविली आणि वडिलांनी दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन खात्री करून घेतली, असे एका मुख्याध्यापकांनी सांगितले.

आणखी एक गोष्ट. पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते असे मुले पाठ करतात. बीड शहर समुद्रसपाटीपासून सुमारे पाचशे मीटर उंचीवर आहे. उंचीबरोबर हवेचा दाब कमी होतो आणि दर तीनशे मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एक अंशाने उतरतो. तेव्हा येथील शाळेत तापमापी ९८ अंशांच्या आसपास थांबणार. मुलाने वहीत ९८ लिहिले तर ते खोडून १०० करू नये. पुस्तकातील आकडा समुद्रकाठचा आहे; मुलाचा आकडा त्याच्या गावचा आहे.

साखर गेली कुठे?

सहावीच्या त्या वर्गात बाईंनी काचेच्या पेल्यातील पाण्यात चमचाभर साखर टाकली, ढवळली आणि विचारले, "साखर कुठे गेली?"

"पाण्यानं खाल्ली," मागच्या बाकावरून उत्तर आले.

स्विस मानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांनी बार्बेल इनहेल्डर यांच्यासह मुलांना नेमका हाच प्रश्न विचारला होता आणि त्यावरील अभ्यास १९४१ मध्ये प्रसिद्ध केला. लहान मुलांना वाटते की साखर नाहीशी झाली, फक्त गोडी उरली. थोड्या मोठ्या मुलांना साखर आत आहे हे पटते, परंतु तिचे वजन उरले आहे हे पटत नाही. जिनिव्हा आणि केज यांतील अंतर या बाबतीत फारसे नाही, असे दिसले. बाईंनी गावातील किराणा दुकानातून तराजू आणविला होता. एका पारड्यात पाण्याचा पेला व शेजारी कागदावर साखर, दुसऱ्या पारड्यात वजने, काटा बरोबर. मग साखर पाण्यात टाकली, कागद तसाच पारड्यात ठेवला. काटा हलला नाही. ढवळून साखर दिसेनाशी झाली, तरीही हलला नाही. "खाल्ली तर वजन वाढतंच की, माणसाचंबी वाढतंय," असा शेरा त्याच मागच्या बाकावरून आला आणि विरघळलेला पदार्थ नाहीसा होत नाही, हे तत्त्व वर्गाने मान्य केले.

या तत्त्वाकडे विशेष लक्ष वेधण्याचे कारण असे की, पाण्यासंबंधीचे सर्व पुढील ज्ञान यावर उभे आहे. पाण्यात माती मिसळली की ती दिसते. पाणी स्थिर ठेवल्यास ती खाली बसते, फडक्याने गाळल्यास काही अंशी अडते. मीठ मिसळले की ते दिसत नाही, खाली बसत नाही आणि फडक्यात अडत नाही. पहिले निलंबन, दुसरे द्रावण. या दोहोंच्या मध्ये एक तिसरा प्रकार आहे. पावसाळ्यात ओढ्याचे पाणी दिवसभर ठेवले तरी पुरते निवळत नाही, कारण त्यात चिकणमातीचे कण फार सूक्ष्म असतात. ते सारख्याच विद्युत्भाराचे असल्याने एकमेकांना दूर लोटतात आणि तरंगत राहतात. तुरटी हा भार निष्प्रभ करते. कण एकमेकांना चिकटतात, त्यांचे पुंजके होतात आणि ते जड होऊन तळाशी जातात. तुरटी फिरविणारी आजी ही क्रिया गेली कित्येक पिढ्या करीत आली आहे.

परंतु आजीची तुरटी येथेच थांबते. हंड्यात फिरविलेल्या खड्याने विरघळलेले क्षार निघत नाहीत, नायट्रेट निघत नाही, आणि रोगजंतूंचा काही भाग गाळाबरोबर खाली गेला तरी उरलेले पाण्यातच राहतात. पाणी नितळ होते. सुरक्षित होतेच असे नाही. गढूळ पाणी पाहून मनुष्य सावध होतो, नितळ पाणी त्याला सावध करीत नाही. दख्खनच्या काळ्या पाषाणातून उपसलेले खोल विंधन विहिरींचे पाणी बहुधा आरशासारखे स्वच्छ असते, आणि त्यातच कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार भरपूर असू शकतात.

हे मुलांना दाखविता येते. चार सारख्या स्टीलच्या ताटल्या घ्याव्यात. एकीत पावसाचे पाणी, दुसरीत विहिरीचे, तिसरीत विंधन विहिरीचे आणि चौथीत मीठ घातलेले पाणी, प्रत्येकी एकेक वाटी. ताटल्या पातळ फडक्याने झाकून उन्हात ठेवाव्यात. बीडच्या एप्रिलमधील उन्हात हे काम फार लांबत नाही. पाणी गेल्यावर ताटलीत जे पांढरे किटण उरते, तेच पाण्यात न दिसता हजर होते. भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) पिण्याच्या पाण्यात एकूण विरघळलेले घटक लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह आहेत. दुसरा स्रोत नसल्यास २,००० पर्यंत मुभा आहे. सहावीच्या मुलाला हा हिशेब घालावा. १५ लिटरच्या हंड्यात पहिल्या मर्यादेने साडेसात ग्रॅम आणि दुसऱ्या मर्यादेने ३० ग्रॅम क्षार होतात. ताटलीतील किटण चाटून पाहू नये, एवढी ताकीद मात्र द्यावी. तसेच या प्रयोगाने क्षार आहेत एवढेच कळते. कोणते आहेत ते कळत नाही आणि जंतूंविषयी काहीच कळत नाही. फ्लोराइडची कमाल मर्यादा लिटरला दीड मिलिग्रॅम आहे. ते ताटलीवर दिसावयाचे नाही. त्यासाठी पाण्याचा नमुना प्रयोगशाळेतच गेला पाहिजे.

गुऱ्हाळातील तापमापी

शुद्ध पदार्थ आणि मिश्रण यांतील भेद दाखविण्यास गुऱ्हाळासारखी दुसरी शाळा नाही. चरकातून निघालेला रस हे पाणी, साखर, क्षार आणि तंतू यांचे मिश्रण असते. तो काहिलीत चुलवणावर चढला की गुळव्या त्यात थोडी चुन्याची निवळी व भेंडीचे चिकट पाणी घालतो. त्यात केरकचरा गुंतून मळी वर येते आणि ती झाऱ्याने काढतात. पुढे केवळ पाणी उडविण्याचे काम उरते. नुसते पाणी उकळू लागले की तापमान एकाच ठिकाणी थांबते. काहिलीतील रसाचे तसे नाही; पाणी जाईल तसे तापमान चढत जाते. सुमारे १०५ अंशांवर उतरविल्यास काकवी मिळते, ११८ च्या सुमारास उतरविल्यास ढेप बांधते. गुळव्याजवळ तापमापी नसते. तो उकळत्या पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकतो आणि त्याची गोळी होते की नाही ते पाहतो. शंभर किलो उसापासून गूळ साधारण दहा ते बारा किलो निघतो. बाकीचे पाणी आणि चिपाड. मुलांना काहिलीजवळ जाऊ देऊ नये. चार हात दूर उभे राहूनही हा पाठ दिसतो.

उसाचा विषय निघाला म्हणजे बीड जिल्ह्यात एका गोष्टीचा उल्लेख टाळता येत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास येथील हजारो कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि गळीत हंगाम आटोपल्यावर मार्च-एप्रिलमध्ये परततात. नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. त्या कोयत्याबरोबर पोरेही जातात, फडाशेजारच्या कोपीत राहतात, धाकट्यांना सांभाळतात, वाढे बांधतात. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ अन्वये ती जेथे असतील तेथील शाळेत प्रवेश मिळविण्याचा त्यांना हक्क आहे. गावीच राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची सोय करण्यात येते, तसेच ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना २०२१ मध्ये मंजूर झाली. तरीही वर्गात नोव्हेंबरनंतर काही बाके रिकामी दिसतात, ही वस्तुस्थिती आहे. स्थलांतर करणाऱ्या मुलाला देण्यात येणाऱ्या शिक्षण हमी कार्डावर त्याने काय शिकले आहे याची नोंद होते, आणि ती काळजीपूर्वक केली तर पुढच्या शिक्षकाचे काम हलके होते. अनेकदा ती काळजीपूर्वक केली जात नाही.

मिश्रणांच्या पाठापुरते बोलावयाचे तर शिक्षकाच्या हाती एक साधा उपाय आहे. पाठाचे दोन तुकडे करावेत. गढूळ पाणी, निवळणे, गाळणे, तुरटी आणि विरघळणे हा भाग ऑगस्ट-सप्टेंबरात घ्यावा. तेव्हा ओढ्यांना गढूळ पाणी असते आणि वर्ग भरलेला असतो. बाष्पीभवन व ताटल्यांचा प्रयोग एप्रिलसाठी राखावा; तेव्हा ऊन असते आणि कोयत्यावर गेलेली मुलेही परतू लागतात. परतलेल्या मुलाला मागे राहिलेला विद्यार्थी न समजता साक्षीदार समजावे. उसाचा रस, मळीचा वास, कारखान्याच्या आवारातील चिपाडाचे ढीग, साखरेचे पांढरे दाणे आणि काळी चिकट मळी एकाच रसातून कशी निघतात, हे त्याने पाहिलेले किंवा निदान ऐकलेले असते. कारखान्यात गुळाप्रमाणे सर्व एकत्र घट्ट करीत नाहीत. हवेचा दाब कमी केलेल्या बंद भांड्यात पाक आटवून साखरेचे स्फटिक वाढवितात आणि वेगाने फिरणाऱ्या जाळीदार पिंपात मळी बाहेर फेकली जाऊन दाणे आत उरतात. ताक घुसळताना लोणी वेगळे होते, त्याच्याशी या पिंपाची तुलना मुलांनी स्वतःहून केली तर करू द्यावी. दोन्ही क्रिया पूर्णपणे एक नाहीत, हे मागाहून सांगता येते.

पंचायतीच्या विहिरीवर

आता पंचायत सदस्यांकडे वळू. विहिरीत विरंजक चूर्ण, म्हणजे आपल्या नित्याच्या भाषेत टीसीएल पावडर, टाकण्याचे काम ग्रामपंचायतीकडे असते. ते बरोबर होणे हा सर्वस्वी मिश्रणांच्या ज्ञानाचा प्रश्न आहे, आणि आमच्या पाहण्यात ते चुकीच्या रीतीने होताना अनेकदा आले. पिशवी फोडून कोरडी पावडर वरून विहिरीत भिरकावली जाते. तिचे गठ्ठे तळाशी जातात, चुना तेथेच साचतो आणि पाण्याचा जडपणा वाढतो.

योग्य रीत अशी आहे. साधारण १,००० लिटर पाण्यास चांगल्या प्रतीची अडीच ग्रॅम पावडर लागते. म्हणजे १०,००० लिटरच्या टँकरला २५ ग्रॅम. ती आधी बादलीत थोड्या पाण्यात कालवून लगदा करावी, मग बादली पाऊण भरून ढवळावी आणि पाच-दहा मिनिटे स्थिर ठेवावी. चुना खाली बसतो, क्लोरीन वरच्या निवळीत उतरते. निवळी दुसऱ्या बादलीत ओतून घ्यावी आणि ती विहिरीच्या पाण्यात खोलवर सोडून पोहऱ्याने पाणी खालीवर करावे. चुन्याचा गाळ विहिरीत टाकू नये. तासभराने पाणी वापरण्यास घ्यावे आणि त्यापूर्वी ओटी चाचणी करावी. पाण्यात पिवळी छटा आली की उर्वरित क्लोरीन आहे असे समजावे. पाणी गढूळ असेल तर आधी निवळून घ्यावे, कारण गाळातील सेंद्रिय द्रव्येच क्लोरीन खाऊन टाकतात आणि जंतूंसाठी काही उरत नाही. उघड्या पिशवीतील जुनी पावडर निकामी होत जाते. तिचे वजन बरोबर भरले तरी काम बरोबर होत नाही.

कालविणे, निवळणे, ओतून घेणे, विरघळणे, पसरणे. सहावीचा पाठ येथे अथपासून इतिपर्यंत आला आहे. ज्या दिवशी विहिरीचे शुद्धीकरण होते त्या दिवशी वर्ग विहिरीवर न्यावा, कठड्यापासून दूर उभा करावा आणि जलसुरक्षकाने प्रत्येक कृती सांगत सांगत करावी, अशी विनंती सरपंचांना करण्यास शिक्षकांना संकोच वाटू नये. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनखाली गावपातळीवर पाणी तपासण्याचे संच देण्यात आले आहेत. त्यांपैकी काही कपाटात बंद आहेत. संच कसा वापरावा याचे प्रशिक्षण घेतलेल्या गावातील महिला अशा दिवशी शाळेत आल्या तर मुलांना आपल्याच गावच्या पाण्याचे आकडे मिळतात आणि पंचायतीलाही ते फलकावर लावणे भाग पडते.

केजजवळच्या त्या शाळेत मी दुसऱ्यांदा गेलो तेव्हा एप्रिल संपत आला होता. व्हरांड्याच्या कडेला चार ताटल्या फडक्याखाली ठेवलेल्या होत्या आणि भोवती मुलांचे कोंडाळे होते. बाईंनी फडके दूर केले. मिठाच्या ताटलीत चौकोनी कण चमकत होते. विंधन विहिरीच्या ताटलीवर पांढरा पापुद्रा होता, विहिरीच्या ताटलीवर त्याहून पातळ. पावसाचे पाणी गेल्या पावसाळ्यात बाटलीत भरून ठेवलेले होते. त्याची ताटली जवळजवळ कोरी होती. आठवडाभरापूर्वीच फडावरून परतलेली एक मुलगी बराच वेळ त्या कोऱ्या ताटलीकडे पाहत होती. मग तिने विचारले, "बाई, पावसाच्या पाण्यात हे नाही. मग तेच पाणी जमिनीत गेल्यावर हे आलं कुठून?"

बाईंनी उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी येताना प्रत्येकाने विहिरीच्या खोदाईतून निघालेला एक पांढरा चुनखडीचा खडा आणि घरी असल्यास अर्धे लिंबू आणावे, असे त्यांनी सांगितले.